अठ्ठेचाळीस तासांत पाकीट पोहोचेल का?

१५ जुलै २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने तमिळनाडूतल्या खून आणि बलात्काराच्या खटल्यात फाशीची शिक्षा झालेल्या आरोपीला सोडलं. त्यावर आठवडाभर बरीच चर्चा झाली. त्याच निकालपत्रात पोलिसांसाठी दिलेल्या सूचनांकडे मात्र फारसं कुणी पाहिलं नाही. डीएनएचा नमुना ४८ तासांत प्रयोगशाळेत पोहोचला पाहिजे. उशीर झाला तर कारण लिहून ठेवायचं. खटला चालू असताना कोर्टाच्या परवानगीवाचून नमुन्याचं पाकीट उघडायचं नाही. आणि ते कुणाच्या हातून कुणाकडे गेलं, याची नोंदवही शेवटपर्यंत ठेवायची.

वाशीमच्या लोकांनी ही ४८ तासांची सूचना जपून ठेवावी. इथला नमुना तपासायचा तर तो जिल्ह्याबाहेर, अमरावतीला किंवा नागपूरला धाडावा लागतो. रस्त्याचं म्हणाल तर अमरावती अडीच-तीन तासांवर, आणि समृद्धी महामार्गामुळे नागपूरही जवळ आलंय. तरीही कोर्टात तारखेवर तारीख पडते ती ‘सीए रिपोर्ट (म्हणजे रासायनिक विश्लेषकाचा अहवाल) यायचाय’ एवढ्या तीन शब्दांवर.

हे पाकीट निघतं कसं ते पाहू. रक्ताने भिजलेला कपडा आधी सावलीत वाळवायचा, मग कागदी पाकिटात घालायचा. ओला कपडा प्लास्टिकच्या पिशवीत बांधला की आत दमटपणा धरतो, जंतू वाढतात आणि डीएनएचे तुकडे पडतात. रक्त घ्यायचं ते जांभळ्या टोपणाच्या नळीत, आणि नळी थंड डब्यात. मग पंचांच्या सह्या, लाखेचं सील, मुद्देमालाच्या रजिस्टरला नोंद, आणि पाकीट घेऊन जाणारा एक पोलीस शिपाई. हा शिपाई पोहरादेवीच्या यात्रेला किंवा निवडणुकीच्या बंदोबस्ताला गेला की पाकीट ठाण्यातच. बाहेर वैशाखातलं ऊन चाळिशी ओलांडून गेलेलं. दिल्लीच्या छावला बलात्कार आणि खून प्रकरणात १४ आणि १६ फेब्रुवारी २०१२ ला घेतलेले नमुने २७ तारखेपर्यंत मालखान्यातच होते. दहा वर्षांनी सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही सोडलं, त्यात हे एक कारण होतं.

एकदा पाकीट सुखरूप पोहोचलं की पुढचं शास्त्र विलक्षण भरवशाचं आहे. माणसामाणसांचा डीएनए जवळजवळ सारखाच असतो, त्यामुळे प्रयोगशाळा तो सगळा वाचत बसत नाही. डीएनएत काही ठिकाणी चार अक्षरांचा एक तुकडा लागोपाठ पुन्हा पुन्हा येतो. कुणात बारा वेळा, कुणात पंधरा वेळा. अशा वीसेक ठरलेल्या जागा निवडायच्या, यंत्रात त्यांच्या लाखो प्रती काढायच्या आणि फक्त आवर्तनं मोजायची. प्रत्येक जागी दोन आकडे मिळतात, एक आईकडून आलेला आणि एक बापाकडून.

समजा, एका जागी मुलाचे आकडे १२ आणि १५ आहेत, आईचे १२ आणि १४. म्हणजे १५ बापाकडून आला. ज्याच्यावर दावा आहे त्याचे आकडे १५ आणि १७ असतील तर तो बाप असू शकतो. १३ आणि १७ असतील तर इथे जुळत नाही. पण एका जागी जुळलं नाही म्हणून लगेच निकाल देत नाहीत, कारण पिढी बदलताना क्वचित एखादं आवर्तन वाढतं किंवा घटतं. अनेक जागी बिनसलं तर मात्र तो बाप नाही, हे पक्कं. सगळीकडे जुळलं की अहवालात ९९.९९ टक्के असं काहीतरी येतं आणि कोर्टात सगळे गप्प होतात. हा आकडा काढताना गणितात बहुधा आधीच धरलेलं असतं की हा माणूस बाप असण्याची आणि नसण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे. संशय त्याच्या सख्ख्या भावावरही असेल तर गणित बदलतं. आपल्याकडे मामाच्या मुलीशी लग्न लागतं, एका गावात अर्धी भावकी नांदते. अशा ठिकाणी ‘दुसरा कोण?’ हे वकिलाने विचारलंच पाहिजे.

या शास्त्राचा जनक अ‍ॅलेक जेफ्रीज. १९८४ साली इंग्लंडमधल्या लेस्टरच्या प्रयोगशाळेत त्याला हे सापडलं. दोन मुलींच्या खुनाच्या तपासात त्याच्या चाचणीने आधी सुटका केली ती गुन्हा कबूल करून बसलेल्या सतरा वर्षांच्या पोराची. मग पोलिसांनी आसपासच्या हजारो पुरुषांचं रक्त घेतलं, तरी खुनी सापडेना. कारण खुनी कॉलिन पिचफोर्कने आपल्या जागी एका सहकाऱ्याला रक्त द्यायला पाठवलं होतं! यंत्राने त्या रक्ताचं अचूक उत्तर दिलं, फक्त रक्तच दुसऱ्याचं होतं. ही लबाडी उघडकीला आली ती दारूच्या गुत्त्यातल्या गप्पांमुळे. तेव्हापासून आजपर्यंत या चाचणीचा कच्चा दुवा तोच आहे, नळीवरच्या नावाचा.

पितृत्वाच्या खटल्यांत गोष्ट आणखी नाजूक होते. चंद्रपूरकडच्या एका दाम्पत्याच्या पोटगीच्या वादात नागपूर आणि हैदराबाद अशा दोन प्रयोगशाळांनी ‘हा बाप नाही’ असं सांगितलं. लग्न टिकून असताना जन्मलेलं मूल नवऱ्याचंच, असं कायदा मानतो. तरीही जानेवारी २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विज्ञानाच्या बाजूने कौल दिला. त्यानंतर ‘करा चाचणी’ म्हणणाऱ्या नवऱ्यांची संख्या वाढली असेल तर नवल नाही. जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने एका कौटुंबिक न्यायालयाचा आदेश रद्द केला. बायकोवर व्यभिचाराचा आरोप करून घटस्फोट मागणाऱ्या नवऱ्यासाठी बारा वर्षांच्या मुलाची चाचणी होणार होती. गंमत म्हणजे, मूल आपलं नाही असं त्या नवऱ्याने अर्जात नेमकेपणाने म्हटलंही नव्हतं. निकाल योग्यच झाला. भांडण दोघांचं, आणि रक्त द्यायचं तिसऱ्याने, तेही बारा वर्षांच्या पोराने, हे कुठल्या न्यायात बसतं?

चाचणी नको तिथे हा हट्ट, आणि जिथे तिची खरी गरज होती तिथे काय झालं? १ जुलै २०२३. वाशीम जिल्ह्याचा पंचविसावा वर्धापनदिन होता. त्याच दिवशी पहाटेपूर्वी, आपला जिल्हा ओलांडून पुण्याकडे निघालेली खासगी बस सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर पेटली आणि २५ माणसं गेली. ओळख पटेना. डीएनए अहवालाला दिवस लागणार होते, म्हणून नातेवाइकांच्या संमतीने दुसऱ्या दिवशी बुलडाण्यात २४ जणांवर एकत्र अंत्यसंस्कार झाले. १२ जून २०२५ ला अहमदाबादला विमान कोसळलं. २६० मृतांची ओळख, बहुतेकांची डीएनएवरूनच, साधारण दोन आठवड्यांत पटवून मृतदेह नातेवाइकांकडे सोपवले गेले. विमानाला एक न्याय आणि ट्रॅव्हल्सला दुसरा, असं मला तरी यात दिसतं. पंचवीस मृतदेह आठवडाभर जपता येत नसतील तर सरकारने समृद्धीवरच्या जिल्ह्यांत आधी ती सोय करावी, मग महामार्गाच्या वेगाचं कौतुक.

डीएनएसाठी वेगळा कायदा करणारं विधेयक केंद्राने जुलै २०२३ मध्ये मागे घेतलं, तेव्हा सध्या तरी हाताशी आहे ती न्यायालयाची ही सूचनाच. तुमच्या घरातली एखादी केस चालू असेल तर अहवालातला निष्कर्ष वाचण्याआधी नमुना प्रयोगशाळेला मिळाल्याची तारीख बघा आणि ती पंचनाम्याच्या तारखेशी ताडून पाहा. मधे दोन दिवसांहून जास्त गेले असतील तर त्याचं कारण वकिलामार्फत कोर्टात विचारा.