कामिकात्सूची पानं

जपानी पद्धतीच्या जेवणात कच्च्या माशाच्या कापांशेजारी किंवा भाजलेल्या माशाखाली शरद ऋतूत एखादं लालभडक मेपलचं पान ठेवलेलं असतं. ते खायचं नसतं. जेवणाऱ्याला ऋतू कोणता चालला आहे हे ताटात दिसावं, एवढंच त्याचं काम. या सजावटीला तिकडे ‘त्सुमा’ म्हणतात. शिकोकू बेटावर तोकुशिमा प्रांतात कामिकात्सू नावाचं डोंगराळ गाव आहे. तिथली म्हातारी माणसं, त्यातही बहुतेक बायका, 1986 पासून ही पानं जपानभरच्या बाजारांत पाठवत आली आहेत. ‘इरोदोरी’ या नावाने चालणाऱ्या या धंद्यात तीनशेच्या वर प्रकारची पानं, फुलं आणि डहाळ्या विकल्या जातात. चांगल्या वर्षांत वार्षिक विक्री 26 कोटी येनच्या आसपास गेलेली आहे. जगभरच्या मासिकांनी ही हकीकत ‘कचऱ्यातून सोनं काढणाऱ्या आजीबाई’ अशा थाटात छापली, 2012 मध्ये तिच्यावर जपानी चित्रपटही आला. हकीकत गोड आहे, पण त्या गोडव्यात तिचा कणा हरवतो. कामिकात्सूत जे घडलं ती पक्की कारागिरी आहे आणि ती टिकली ती दोन गोष्टींवर: पान निवडण्याची कडक शिस्त, आणि बाजारात आज काय हवं आहे ही बातमी पान तोडणारीच्या हाती वेळेवर पोचणं. आजीबाईंचं वय, डोंगराचं सौंदर्य, निसर्गाचं दान हे सगळं त्यानंतर येतं.

गावावर ही पाळी आली ती थंडीने. 1981 च्या फेब्रुवारीत पारा उणे 13 अंशांपर्यंत उतरला आणि गावाचं मुख्य पीक असलेल्या संत्रावर्गी झाडांच्या बागा जळून गेल्या. लाकडाचा धंदा परदेशी मालामुळे आधीच बसला होता. शेतकी सहकारी संस्थेत तेव्हा तोमोजी योकोइशी नावाचा विशीतला सल्लागार नोकरीला होता. 1986 मध्ये ओसाकाच्या एका सुशीच्या हॉटेलात शेजारच्या टेबलावरच्या तरुणी ताटातलं मेपलचं पान उचलून, किती सुंदर म्हणत रुमालात गुंडाळून घेताना त्याने पाहिल्या. अशी पानं आमच्या डोंगरात ढिगाने पडतात, मग ती विकावीत, ही कल्पना त्याला तिथे सुचली. गावकऱ्यांनी ती हसण्यावारी नेली. पानाचे पैसे व्हायला आपण काय तानुकी आहोत, असं त्यांचं म्हणणं. तानुकी हा रॅकूनसारखा दिसणारा प्राणी. जपानी लोककथांत तो पानाचं नाणं करून माणसांना फसवतो, आणि शिकोकूत त्याच्या गोष्टी फार. कुबेराने आपट्याच्या झाडावर मोहरा पाडल्या ही कथा ऐकत वाढलेल्या मराठी वाचकाला ही थट्टा वेगळी समजावून सांगायला नको. थट्टेच्या मागे अभिमानाचाही प्रश्न होता. पडलेली पानं गोळा करून विकणं हे शेतकऱ्याला भीक मागितल्यासारखं वाटत होतं. अखेर चार घरं तयार झाली.

सुरुवातीचा माल जवळजवळ पडून राहिला. पानं सुंदर होती, ताजी होती, तरीही कुणी विचारेना. कारण सुंदर पान आणि ताटात चालणारं पान यांत अंतर असतं, आणि ते डोंगरात उभं राहून दिसत नाही. ते शिकायला योकोइशी महागड्या पारंपरिक भोजनगृहांची दारं ठोठावू लागला. आचाऱ्यांनी त्याला मुदपाकखान्यात घेतलं नाही, तेव्हा स्वतःच्या खर्चाने गिऱ्हाईक म्हणून जेवायला बसून त्याने ताटं पाहिली. त्यातून जे नियम निघाले ते कोणत्याही कारागिराच्या मापपट्टीसारखेच काटेकोर आहेत. मेपलच्या पानाची सगळी टोकं शाबूत हवीत, देठ हवा, किडीचं भोक किंवा काळा ठिपका नको. एका डब्यातली सगळी पानं एका मापाची हवीत, कारण मेजवानीत दहा जणांपुढे दहा सारखी ताटं जातात आणि एकाच्या ताटात पान मोठं दिसलं तर आचाऱ्याची नाचक्की होते. पान बशीपेक्षा मोठं असेल तर ते फुकट. ऋतू ताटात यायला हवा तो बाहेर येण्याच्या थोडा आधी. जपानी खानपानात हंगामाची चाहूल, भर आणि निरोप अशा तीन पायऱ्या मानतात आणि सर्वांत जास्त मान चाहुलीचा असतो. म्हणून उन्हाळ्यात कोवळं हिरवं मेपल लागतं आणि डोंगर अजून हिरवा असतानाच लाल मेपलची मागणी सुरू होते.

हा लाल रंग मागितला म्हणून मिळत नाही. दिवस लहान होऊ लागले की झाड पानातलं हरितद्रव्य मोडून आपला नायट्रोजन परत खोडाकडे ओढून घेतं. हिरवा रंग उतरला की आधीपासून पानात असलेला पिवळा उघडा पडतो. जिंकोचं पान असंच पिवळं होतं. मेपलचा लाल मात्र त्या दिवसांत नव्याने तयार होतो. त्यासाठी दिवसा भरपूर ऊन लागतं, म्हणजे पानात साखर बनते, आणि रात्री गारठा लागतो. थंडीने सारं एकदम गोठलं तर पान तपकिरी पडून गळतं. त्याच वेळी देठाच्या मुळाशी पेशींचा एक थर पान झाडापासून तोडायच्या तयारीत असतो, म्हणजे रंग चढल्यापासून पान हातचं जाईपर्यंतचा काळ मोजकाच. इथे कामिकात्सूचा डोंगर उपयोगी पडतो. गावाच्या वाड्या साधारण 100 ते 700 मीटर उंचीच्या दरम्यान विखुरलेल्या आहेत. वरच्या वाडीत मेपल लाल झालं तरी खालच्या वाडीत ते अजून हिरवं असतं, आणि गावाचा मिळून हंगाम लांबतो. ज्या चढउतारामुळे इथे भाताची मोठी शेती झाली नाही, तोच चढउतार पानांच्या धंद्यात भांडवल ठरला.

यावर पहिला आक्षेप असा की माल फुकटचा, डोंगरात पडलेला, मग यात कारागिरी कसली? पण कामिकात्सूत बहुतेक माल पडलेला नसतोच. घरांनी मेपल, नानतेन, पर्सिमॉन, प्लम, पीच यांची झाडं शेतात आणि घराभोवती लावली, हाताला येतील इतकी खाली छाटून ठेवली. पाच-सात वर्षं झाड वाढवायचं, त्याच्या कोणत्या फांदीला कोणत्या मापाचं पान येतं हे ध्यानात ठेवायचं, याला जमवाजमव म्हणता येणार नाही. शिवाय जाणकारीचा एक गंभीर भाग आहे. जून 2008 मध्ये त्सुकुबा शहरात आणि ओसाकात हायड्रेंजियाचं पान सजावट म्हणून ताटात आलं, काहींनी ते खाल्लं आणि त्यांना उलट्या झाल्या. जपानच्या आरोग्य मंत्रालयाला त्यावर सूचना काढावी लागली. अन्नाला टेकणाऱ्या पानाबाबत ‘दिसतंय छान’ एवढं पुरत नाही. झाड ओळखणारा माणूस साखळीत कुठेतरी असावाच लागतो.

आता बातमीकडे. पान नाशवंत, मागणी लहरी आणि विक्रेते म्हातारे, अशा स्थितीत खरी अडचण ही की आज किती पानं तोडायची. जास्त तोडली तर भाव पडतो, कमी तोडली तर आचारी दुसरीकडे जातो. आपत्तीच्या वेळी गावाला सावध करायला बसवलेली बिनतारी यंत्रणा 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला या कामाला जुंपली गेली आणि मागणीचा फॅक्स एकाच वेळी घरोघर पडू लागला. 1999 मध्ये गावाच्या भागीदारीतून इरोदोरी कंपनी उभी राहिली, आणि त्याच सुमारास घरोघर संगणक आले. माऊस हलवणं जमत नाही म्हणून मोठ्या गोळ्याचं साधन दिलं, कळफलकाची बटणं कमी केली. पुढे टॅबलेट आले. पडद्यावर कालचे भाव, आजची मागणी आणि एक खोचक आकडा: गावात विक्रीत तुमचा क्रमांक कितवा. इतरांची नावं दिसत नाहीत, फक्त स्वतःची जागा दिसते. सकाळी मागणी झळकली की जी आधी ती उचलेल तिचा तो सौदा. मग पान तोडणं, निवडणं, डब्यात एका दिशेने मांडणं, दुपारपर्यंत सहकारी संस्थेच्या संकलन केंद्रावर पोचवणं. सत्तरी ओलांडलेल्या बायका संगणक शिकल्या याचं वर्तमानपत्रांना फार कौतुक वाटलं. वास्तविक त्यात नवल काहीच नाही. पडद्यावरचा आकडा संध्याकाळी पैसे होऊन परत येतो हे दिसलं की कोणत्याही वयात शिकायला कारण मिळतं. संगणक साक्षरतेचे अनेक सरकारी वर्ग ओस पडतात, कारण तिथे शिकून करायचं काय, याचं उत्तर नसतं.

या धंद्याभोवती फुगवलेल्या गोष्टीही आहेत. काही घरं वर्षाला 1 कोटी येन मिळवतात हे वाक्य प्रत्येक लेखात असतं. पण 26 कोटी येन साधारण 150 घरांत वाटून पाहिले तर घरामागे 17 लाख येनच येतात, आणि तीही विक्री आहे, नफा नाही. अडत, डबे, वाहतूक त्यातून जायची. म्हणजे बहुतेकींसाठी हा निवृत्तिवेतनाला जोड देणारा उद्योग आहे. ती जोड मोलाची आहे, पण तिला श्रीमंती म्हणू नये. गाव ओस पडणंही थांबलेलं नाही. 1955 च्या सुमारास सहा हजारांवर असलेली वस्ती 2020 च्या जनगणनेत 1,400 च्या घरात आली आणि निम्म्याहून अधिक माणसं 65 च्या पुढची आहेत. कोविडच्या काळात भोजनगृहं बंद झाली तेव्हा एकाच प्रकारच्या गिऱ्हाइकावर विसंबण्याची जोखीमही उघडी पडली. पानांनी गाव वाचवलं असं म्हणणं म्हणूनच खोटं आहे. गावात राहिलेल्या माणसांना सकाळी उठून करायला पैशाचं काम मिळालं, एवढं खरं आहे, आणि डोंगरातल्या म्हाताऱ्यांसाठी तेवढं करून दाखवणारी उदाहरणं फार नाहीत.

उधळपट्टीचा आक्षेप पहिल्या आक्षेपाहून टोकदार आहे. श्रीमंतांच्या ताटात तासभर राहून केरात जाणारं पान, तेही प्लास्टिकच्या डब्यातून पाठवलेलं, आणि पाठवणारं गाव तेच, ज्याने 2003 मध्ये शून्य कचऱ्याची घोषणा केली आणि जे आपला कचरा चाळीसहून अधिक प्रकारांत वेगळा करतं. विसंगती आहे, ती झाकण्यात अर्थ नाही. डब्यांपुरता तर हा आक्षेप मान्यच करायला हवा. पानापुरता मात्र तो टिकत नाही. पान मातीतून येतं, मातीत जातं, आणि झाड जागेवर राहतं. जे क्षणभर दिसून संपतं ते सगळं व्यर्थ म्हणायचं ठरवलं तर दारापुढची रांगोळी आणि दाराचं तोरणही त्याच यादीत जाईल.

आपल्याकडे असा बाजार नाही असं नव्हे. गणपतीच्या आदल्या दिवशी ठाणे, पालघर, रायगडच्या आदिवासी पाड्यांतून बायका पत्रीच्या जुड्या घेऊन दादरला येतात आणि पदपथावर बसतात. आघाडा, दूर्वा, बेल, शमी, माका ओळखणारी नजर त्यांच्याकडे आहे. ती कामिकात्सूच्या नजरेपेक्षा उणी नाही. पण किती जुड्या खपतील हे त्यांना घर सोडताना ठाऊक नसतं आणि उरलेली पत्री रात्री तिथेच टाकून परतावं लागतं. विकत घेणाराही जुडीत काय आहे ते पाहत नाही. दसऱ्याला तर आपटा म्हणून कांचनाची पानं सर्रास विकली जातात, आणि या एका दिवसासाठी रानातल्या आपट्याच्या फांद्या ओरबाडल्या जातात त्या वेगळ्याच. प्रतवारी नाही म्हणून भाव नाही, भाव नाही म्हणून झाड लावून जोपासण्यात कुणाला रस नाही. या साखळीची सुरुवात गिऱ्हाइकाकडून होऊ शकते. ज्या गृहसंस्था आणि मंडळं मूर्तीची मागणी महिनोन् महिने आधी नोंदवतात, त्यांनी पत्रीची मागणीही आठवडाभर आधी, प्रकार आणि संख्येसह, थेट पाड्यावरच्या बचत गटाकडे नोंदवावी आणि ठरलेला भाव द्यावा. त्यासाठी संगणकही लागत नाही, एक फोन पुरतो.