शब्दसूचीतील ‘अनावश्यक’ अक्षरे : बेसिकमधील छाटणी आणि पाठशुद्धी

कागदावर कोरी जागा म्हणजे अक्षराचा अभाव. संगणकाच्या दृष्टीने मात्र तीही एक चिन्हच असते. तिचा संकेतांक ३२. त्यामुळे एखाद्या कवीची शब्दसूची संगणकावर सिद्ध करताना ‘घर’ आणि शेवटी कोरी जागा चिकटलेले ‘घर’ यांची दोन स्वतंत्र शब्द म्हणून नोंद होते. कोरी जागा आरंभी असल्यास, संकेतांकांच्या क्रमाने लावलेल्या सूचीत तो शब्द ‘अ’च्याही आधी जाऊन बसतो. अशा सूचीवर आधारलेले शब्दवारंवारितेचे निष्कर्ष मुळातच सदोष ठरतात.

विज्ञानेतर विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा, या हेतूने जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात बेसिक ही भाषा घडविली. तिच्या व्हिज्युअल बेसिक ६ (१९९८) या आवृत्तीत ‘एलट्रिम’ डावीकडील, ‘आरट्रिम’ उजवीकडील व ‘ट्रिम’ दोन्हींकडील कोरी जागा छाटते. तथापि ही छाटणी ३२ या संकेतांकापुरतीच असते. टॅब (९) किंवा ओळ तुटू न देणारी कोरी जागा (१६०) तशीच राहते.

यावर उपाय साधा आहे. वगळावयाच्या चिन्हांची यादी आधी निश्चित करावी. ‘लेफ्ट’ने पहिले चिन्ह तपासावे, ते यादीत असल्यास ‘मिड’ने दुसऱ्या चिन्हापासूनचा मजकूर घ्यावा आणि यादीबाहेरचे चिन्ह येईपर्यंत ही क्रिया चालू ठेवावी. मग ‘राइट’ व ‘लेफ्ट’ यांच्या साहाय्याने हेच उजवीकडून करावे. प्रत्येक फेरीपूर्वी ‘लेन’ने लांबी पाहणे अगत्याचे, कारण रिकाम्या मजकुराचा संकेतांक ‘अ‍ॅस्क’ने मागितल्यास कार्यक्रम चूक दाखवून थांबतो.

खरी अडचण पुढेच आहे. हीच यादी ‘रिप्लेस’ने संपूर्ण मजकुरावर चालविण्याचा मोह होतो. युनिकोडमध्ये ८२०५ या संकेतांकाचे एक अदृश्य जोडचिन्ह आहे. ‘दऱ्या’मधील अर्धा र काही ठिकाणी स्वतंत्र ‘ऱ’ने, तर काही ठिकाणी साधा र, हलन्तचिन्ह आणि हे जोडचिन्ह यांनी लिहिलेला आढळतो. दुसऱ्या प्रकारात जोडचिन्ह निरुपयोगी समजून काढले, की रफार उमटतो आणि ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो. डोंगरातील दऱ्या सूचीत समुद्र म्हणून नोंदल्या जातात आणि संगणक कोणतीही चूक दाखवीत नाही.

तात्पर्य, शब्दाच्या टोकांची छाटणी आणि त्याच्या अंतरंगातील बदल या भिन्न क्रिया होत. पहिली यंत्रावर सोपविता येते. दुसरीसाठी मूळ प्रत जपून, प्रत्येक बदलाची नोंद ठेवून पाठ ताडून पाहावा लागतो. कोणते अक्षर अनावश्यक, हा निर्णय संकेतांकाचा नसून पाठचिकित्सेचा आहे.