घरच्या विजेवर गाडी चार्ज करायची? आधी मीटर आणि अर्थिंग पाहा

चंद्रपूर जिल्ह्यात मोठे औष्णिक वीज केंद्र आहे. त्याची क्षमता सुमारे २९२० मेगावॅट आहे. तरीही वीज आपल्या दारात तयार होते म्हणून आपल्या घरची वायरिंग मजबूत असते, असे नाही. विजेवर चालणारी मोटार, मालवाहू तीनचाकी किंवा ई-रिक्षा घेणारे व्यापारी आणि कारागीर बांधव गाडीची किंमत, हप्ता व सबसिडी यांची चौकशी बारकाईने करतात. रात्री ती गाडी कोणत्या तारेवर लावायची याचा विचार मात्र गाडी दारात आल्यावर सुरू होतो. म्हणून या विषयाची माहिती येथे देत आहोत.

किती वीज लागते?

गाडीसोबत मिळणारा साधा चार्जर १५-१६ अँपिअरच्या तीन पिनी सॉकेटवर चालतो व सुमारे ३.३ किलोवॅट भार घेतो. भिंतीवर बसवायचा मोठा चार्जर सुमारे ७.२ किलोवॅटचा असून त्याला ३२ अँपिअर लागतात. छोट्या मोटारीची बॅटरी २४ युनिटची धरली, तर साध्या चार्जरवर ती रिकाम्यापासून पूर्ण भरायला आठ-नऊ तास लागतात. मालवाहू तीनचाकीची बॅटरी याहून बरीच लहान असते.

इस्त्रीही १ किलोवॅटची असते, मग काळजी कसली, असे काही जण विचारतात. इस्त्री पंधरा मिनिटे चालते. चार्जर रात्रभर पूर्ण भार ओढतो. जोड ढिला असेल किंवा तार बारीक असेल तर ती तासागणिक तापत जाते, आणि घरातली माणसे तेव्हा झोपेत असतात. म्हणून दिव्या-पंख्याच्या लाइनवर किंवा एक्स्टेन्शन बोर्डावर गाडी कधीही लावू नये.

मंजूर भार

वीज बिलावर मंजूर भार छापलेला असतो. दोन कूलर, फ्रिज, पंखे-दिवे व एक अश्वशक्तीचा पंप मिळून घराचा भार सहज दीड किलोवॅटच्या पुढे जातो. त्यात ३.३ मिळविले की पाच किलोवॅट झाले. बिलावर १ किंवा २ किलोवॅट असेल तर महावितरणकडे भार वाढवून मागावा. सिंगल फेजवर साधारण ४० अँपिअरपर्यंतच पुरवठा मिळतो. मोठा चार्जर एकटाच त्यातले ३२ खातो. तो हवा असेल तर थ्री फेज घेणे शहाणपणाचे.

केंद्र सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये वीज ग्राहक हक्क नियमांत बदल केला. त्यानुसार गाडी चार्ज करण्यासाठी ग्राहकाला वेगळी जोडणी मागता येते. नव्या जोडणीची मुदत महानगरांत ३ दिवस, इतर नगरपालिका क्षेत्रात ७ दिवस व ग्रामीण भागात १५ दिवस ठरविली आहे. घर किंवा दुकान भाड्याचे असेल तर मालकाची लेखी संमती आधी घ्यावी.

तार, स्विच आणि अर्थिंग

मीटरपासून गाडीच्या शेडपर्यंत स्वतंत्र लाइन टाकावी. १६ अँपिअरसाठी ४ चौरस मिलिमीटरची व ३२ अँपिअरसाठी ६ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार वापरावी. अंतर जास्त असेल तर एक माप वरची घ्यावी. या लाइनला वेगळा एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. त्यावरचे टेस्टचे बटण महिन्यातून एकदा दाबून पाहावे.

सर्वांत महत्त्वाचे अर्थिंग. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती नावाला असते, तिला तारच नसते. गाडीचा चार्जर हे ओळखतो व सुरू होत नाही. मग कोणी अर्धवट जाणकार न्यूट्रलची तार अर्थच्या पिनला जोडून देतो आणि चार्जर चालू होतो. हा प्रकार जीवघेणा आहे. पुढे न्यूट्रल तुटली की गाडीच्या पत्र्यात वीज उतरू शकते. कोळसा-मीठ घालून किंवा तयार इलेक्ट्रोडचा वेगळा खड्डा करून घ्यावा. आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपुढे जातो, जमीन कोरडी पडते आणि अर्थिंग कमजोर होते. त्या दिवसांत खड्ड्यात पाणी घालत राहावे. काम परवानाधारक वीज ठेकेदाराकडूनच करून घ्यावे व त्याचा चाचणी अहवाल जपून ठेवावा.

कायद्याची बाजू

स्वतःची गाडी स्वतःच्या घरच्या जोडणीवर चार्ज करण्यास परवानगी आहे. परंतु घरगुती मीटरवर पैसे घेऊन दुसऱ्यांच्या ई-रिक्षा रात्रभर चार्ज करणे हा वेगळा वापर ठरतो. वीज कायदा २००३ च्या कलम १२६ नुसार त्यावर दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. शेतीपंपाच्या जोडणीवर गाडी लावण्यासही हेच लागू. आकडा टाकणे ही तर कलम १३५ खाली सरळ चोरी आहे. हा धंदाच करायचा असेल तर चार्जिंगसाठी वेगळी जोडणी घ्यावी. चार्जिंग केंद्र चालविण्यास वीज कायद्याखाली परवाना लागत नाही, असे केंद्राने २०१८ मध्येच स्पष्ट केले आहे.

खर्चाचा हिशेब

छोटी मोटार एका युनिटला सहा-सात किलोमीटर जाते. महिन्याला हजार किलोमीटर धावली तर सुमारे १५० युनिट लागतील. घरगुती दर १००, ३०० व ५०० युनिटच्या टप्प्यांनी चढतो. घराचा वापर २०० असेल तर एकूण ३५० होईल, आणि शेवटचे ५० युनिट वरच्या दराने पडतील. म्हणून हिशेब सरासरी दराने करू नये, वरच्या टप्प्याच्या दराने करावा. छतावर सौर संच बसविल्यास पीएम सूर्यघर योजनेत ३ किलोवॅटला ७८,००० रुपये अनुदान आहे. त्याचाही विचार करावा.

जंगल भागासाठी

चंद्रपूर ते गडचिरोली अंतर सुमारे ८० किलोमीटर आहे, तर गडचिरोलीहून सिरोंचा दोनशेच्या पुढे. वाटेत चार्जिंग मिळेलच असे धरू नये. आठवडी बाजाराला माल नेताना जाण्या-येण्याचे पूर्ण अंतर मोजावे आणि वर चौथाई बॅटरी शिल्लक ठेवावी. वादळात वीज गेली की कधी येईल सांगता येत नाही. घरचा इन्व्हर्टर गाडीचा भार पेलणार नाही. म्हणून बाजाराच्या आदल्या रात्रीवर विसंबू नये, एक दिवस आधीच चार्ज करावे. विजा कडाडत असताना प्लग काढून ठेवावा. उन्हातून आलेली गाडी सावलीत थंड होऊ द्यावी, मगच लावावी. ई-रिक्षात शिसे-आम्लाची बॅटरी असेल तर चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो. ती बंद खोलीत किंवा झोपण्याच्या जागी कधीही चार्ज करू नये.

तार, स्विच व अर्थिंगचा खर्च गाडीच्या किमतीपुढे किरकोळ आहे. आमची सूचना अशी की, गाडीचे बुकिंग करण्यापूर्वीच वीज ठेकेदाराला घरी बोलावून मीटर दाखवावा आणि तो खर्च गाडीच्या किमतीतच धरावा.