तटस्थ भाषेचे स्वप्न

मुळशी तालुक्यात, पौडजवळच्या खुबवली गावी, १९९७ पासून महिंद्रा युनायटेड वर्ल्ड कॉलेज चालू आहे. नाना देशांची मुले तेथे एकत्र राहतात आणि इंग्रजीतून शिकतात. याचे आज कोणास नवल वाटत नाही. तथापि निरनिराळ्या राष्ट्रांच्या माणसांनी समान पायरीवर भेटावयाचे, तर त्यांपैकी काहींचीच मातृभाषा सर्वांची भाषा का व्हावी, हा प्रश्न उरतोच.

तो डॉ. लुडविक झामेनहोफ यांना बालपणीच पडला होता. १८५९ साली ते बियालिस्टोक येथे जन्मले. रशियन, पोलिश, जर्मन व यिडिश बोलणारे लोक तेथे शेजारी राहत आणि एकमेकांचा द्वेष करीत. पुढे नेत्रवैद्य झालेल्या झामेनहोफ यांनी १८८७ मध्ये वॉर्सा येथे ‘डॉक्टर एस्पेरांतो’, म्हणजे ‘आशा बाळगणारा’, या टोपणनावाने नव्या भाषेची पुस्तिका प्रसिद्ध केली. व्याकरणाचे नियम अवघे सोळा. नामाच्या अंती ‘ओ’, विशेषणाच्या अंती ‘आ’. ‘बोना’ म्हणजे चांगला, तर ‘मालबोना’ म्हणजे वाईट. तो ग्रंथ, ती वही, ते पुस्तक असे लिंग घोकण्याची कटकटच नाही.

या भाषेचे दैव मात्र खडतर ठरले. राष्ट्रसंघात १९२० नंतर तिचा विचार झाला, पण फ्रान्सने विरोध केला. हिटलर व स्टालिन या दोघांच्याही राजवटींनी तिच्या उपासकांचा छळ केला. झामेनहोफ यांची तिन्ही अपत्ये नाझींच्या हातून मारली गेली. १९५४ मध्ये युनेस्कोने तिच्या कार्याची दखल घेतली, परंतु राजाश्रय लाभला नाही.

तिचे शब्द बहुतांशी युरोपीय आहेत, हा आक्षेप खरा आहे. मराठी माणसाला ती इटालियन माणसाइतकी सोपी जाणार नाही. तरीही इंग्रजालाही तेथे पहिल्या धड्यापासूनच आरंभ करावा लागतो, हा न्याय थोडा नव्हे.

अनेक भाषा जाणणाऱ्या विनोबांनी एस्पेरांतोचाही अभ्यास केला होता. भारतीय भाषांनी आपापली लिपी राखावी व जोडीला नागरीही वापरावी, असा त्यांचा आग्रह होता. एस्पेरांतोची भूमिकाही हीच : मातृभाषा प्रत्येकाची, दुसरी भाषा सर्वांची.

मुळशीच्या खोऱ्याला परक्या भाषेच्या सत्तेची ओळख जुनी आहे. १९२१ साली धरणाविरुद्ध येथे सत्याग्रह झाला, तेव्हा मावळ्यांच्या जमिनी ज्या १८९४ च्या भूसंपादन कायद्याने गेल्या, तो इंग्रजीत होता. आज इंग्रजी ज्ञानाची व उपजीविकेची भाषा आहे. ती टाळून चालणार नाही. महाराष्ट्राने २००० पासून ती पहिलीपासून शिकविण्यास आरंभ केला, तो याच जाणिवेने. परंतु ती शिकण्याचा भार सर्वांवर सारखा पडत नाही. जे घरात ऐकून एकाला आयते मिळते, त्यासाठी दुसऱ्याची वर्षे खर्ची पडतात.

एस्पेरांतो उद्या जगाची भाषा होईल, असे मानण्यास आधार नाही. परंतु तिने दिलेली कसोटी आपल्या शाळांना व कचेऱ्यांना आजच लावता येईल. उमेदवाराचे इंग्रजी उच्चार ऐकून त्याची बुद्धी ठरविणारा परीक्षक वस्तुतः तो कोणत्या घरात जन्मला एवढेच मोजीत असतो.