मुंबईत उतरायचे कुठे?

चिटगुप्प्याचा तरुण मुंबईस निघाला, की घरची वडीलधारी माणसे त्याला दोन प्रश्न विचारतात. नोकरी कसली, हा पहिला आणि उतरणार कुठे, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर त्याच्या खिशातील पत्रात असते. दुसऱ्याचे उत्तर बहुधा मोघम असते. "कंपनीने सोय केली आहे" एवढे सांगून तो हुमनाबाद स्थानकाची वाट धरतो. २०१७ साली बीदर-कलबुर्गी लोहमार्ग पूर्ण झाला, तेव्हापासून कलबुर्गीस गाडी बदलून सोलापूर-पुण्यावरून मुंबई गाठणे सुकर झाले आहे. प्रवास सोपा झाला. परंतु प्रवासाच्या शेवटी पाठ टेकायची कुठे, हा प्रश्न मात्र सोपा झालेला नाही.

या भागातील माणसास त्या प्रश्नाची फारशी सवय नसते. हुमनाबादेलगत माणिकनगर आहे. श्री माणिकप्रभूंनी १८४५ साली ते वसविले. दत्तजयंतीच्या उत्सवास तेथे कन्नड, मराठी, तेलुगू आणि उर्दू बोलणारी माणसे दुरून येतात, मुक्काम करतात, प्रसाद घेतात. तेथे येणाऱ्यास आधी पाहुणा समजतात. मुंबईसारख्या समुद्रकाठच्या शहरात येणारा माणूस आधी कामकरी असतो, गिऱ्हाईक असतो किंवा रोगी असतो. पाहुणा तो सर्वांत शेवटी. म्हणून तेथे छप्पर मिळते तेव्हा त्या छपराची दोरी कोणाच्या हातात आहे, हे पाहावे लागते. ही दोरी आजवर तीन हातांत राहिली आहे: गावकीच्या, धन्याच्या आणि बाजाराच्या.

मुंबईतील पहिल्या कापडगिरणीची कंपनी कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढली आणि १८५६ साली तिचे उत्पादन सुरू झाले. पुढे गिरण्या वाढल्या आणि कोकणातून व घाटावरून माणसांची रीघ लागली. बायकामुले गावी राहिली आणि पुरुष तेवढे शहरात आले. एका खोलीत दहा-वीस जणांनी राहावयाचे, पाळीप्रमाणे झोपावयाचे, एक उठला की त्याच्या जागी दुसऱ्याने पडावयाचे, असा तो संसार. ही खोली पुष्कळदा एकाच गावच्या माणसांची असे. तिला गावकीची खोली म्हणत. जेवणाची व्यवस्था खानावळवाल्या बाईकडे. या बायांच्या कष्टांवर गिरणगाव पोसले गेले. परंतु त्या सावकाराच्या कर्जात बुडालेल्या असत. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि त्यांच्यासाठी बँकेच्या कर्जाची वाट उघडली.

गावकीच्या या व्यवस्थेचे अधिक रेखीव रूप गोव्याच्या ख्रिस्ती मंडळींनी उभारले. त्यास कूड म्हणतात. कोकणीत कूड म्हणजे खोली. धोबीतलाव, कावेल, माझगाव या भागांत एकेका गावाच्या नावाने अशा कुडी निघाल्या. धोबीतलावावरील जेर महाल या इमारतीत तर कित्येक गावे एकमेकांशेजारी वसली. आगबोटीवर काम करणारा खलाशी दोन सफरींच्या मधल्या काळात येथे उतरे. आचारी, वाजंत्री, शिंपी आणि नोकरीच्या शोधात आलेला नवखा पोरही येथेच उतरे. प्रत्येकाची एक पेटी असे. तीच त्याचे कपाट आणि तीच त्याचे बसावयाचे आसन. भिंतीशी गावच्या संताची वेदी असे, सायंकाळी सर्वांनी मिळून रोझरीची प्रार्थना म्हणावयाची आणि गावचे फेस्त येथेही साजरे करावयाचे, असा नेम असे. वर्गणी अगदी थोडी असे.

या कुडीचे मर्म तिच्या स्वस्ताईत नाही. माणसाला तेथे जागा मिळे ती त्याच्या नोकरीमुळे नव्हे, तर त्याच्या गावामुळे. बोट सुटली, काम गेले, आजार आला, तरी गाव सुटत नाही. म्हणून जागाही सुटत नसे. बेकारीच्या दिवसांत जिचा सर्वांत अधिक उपयोग, अशी ही निवासाची सोय होती. तिच्या मर्यादाही स्पष्ट होत्या. कुटुंबाला तेथे जागा नव्हती, बाईमाणसाला नव्हती आणि परगावच्या माणसाला तर नव्हतीच. एकांत हा शब्द तेथे कोणाला ठाऊक नसे.

दुसरे छप्पर धन्याचे. काही गिरण्यांनी आपल्या कामगारांसाठी चाळी बांधल्या. रेल्वेने आणि बंदर खात्याने नोकरांसाठी वसाहती उभारल्या. सरकारही यात उतरले. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि दाट वस्तीचा धोका सर्वांच्या ध्यानी आला. १८९८ साली नगरसुधारणेसाठी विश्वस्त मंडळ स्थापन झाले आणि त्याच्या चाळी बीआयटी चाळी म्हणून प्रसिद्धीस आल्या. परळच्या पोयबावडी येथील अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे कुटुंब अनेक वर्षे राहत होते. १९२० साली स्थापन झालेल्या विकास खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. याच त्या बीडीडी चाळी. एक खोली १६० चौरस फुटांची आणि शौचालये सामाईक. भाडे जड आणि काही चाळी कामापासून दूर, यामुळे प्रथम पुष्कळ खोल्या रिकाम्या पडल्या. वरळीच्या काही चाळींत १९३० नंतरच्या सत्याग्रहाच्या काळात सरकारने तात्पुरता तुरुंगदेखील केला. राहणाऱ्यास न विचारता बांधलेल्या घराची काय गत होते, याचा हा चांगला धडा आहे. पुढे याच चाळी माणसांनी फुलून गेल्या. आता त्यांच्या जागी उंच इमारती उभ्या राहत असून वरळीतील पहिल्या काही कुटुंबांना २०२५ साली ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या.

धन्याच्या घरात सोय असते, हे नाकारता येणार नाही. काम जवळ, भाडे कमी, शेजारी ओळखीचे. परंतु पगार आणि छप्पर एकाच खुंटीला टांगलेले असतात. खुंटी निखळली की दोन्ही एकदम खाली येतात. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. संप लांबला, अनेक गिरण्या पुन्हा नीट उभ्या राहिल्या नाहीत. पगार थांबला तरी पोट थांबत नाही आणि भाडेही थांबत नाही. ज्यांची गावाकडे थोडीफार शेती होती ते परतले. ज्यांचे गाव केव्हाच तुटले होते, त्यांना परतायला जागा नव्हती.

तिसरे छप्पर बाजाराचे. १८६० नंतरच्या दशकात वॉटसन यांचे हॉटेल उभे राहिले. त्याचा लोखंडी सांगाडा इंग्लंडमध्ये घडवून बोटीने आणलेला होता. ७ जुलै १८९६ रोजी तेथेच मुंबईकरांनी पहिला चलत्‌चित्रपट पाहिला. जमशेटजी टाटा यांचे ताजमहाल हॉटेल १६ डिसेंबर १९०३ रोजी सुरू झाले. पैसेवाल्या प्रवाशाचा प्रश्न असा सुटला. सामान्य माणसासाठी लॉज आले, धर्मशाळा आल्या. परळचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ साली सुरू झाले. तेथे येणाऱ्या रोग्याचा मुक्काम एका रात्रीचा नसतो, तो कित्येक आठवड्यांचा असतो. औषधाचा खर्च एकीकडे आणि राहण्याचा दुसरीकडे, अशा कात्रीत सापडलेल्या कुटुंबांना दादरची संत गाडगे महाराज धर्मशाळा आधार देत आली आहे. गावकीच्या खोलीचे तत्त्व तेथे अधिक व्यापक झाले आहे. तेथे गाव पाहिले जात नाही. गरज पाहिली जाते.

आता आजच्या तरुणाची "कंपनीची सोय" कशी असते, ते पाहू. तिचे मूळ भाड्याच्या कायद्यात आहे. १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्याने घरांची आणि हॉटेल व लॉज यांच्या दरांचीही बांधाबांध केली. १९४० सालचे भाडे हे प्रमाण मानले गेले. भाडेकरूस संरक्षण मिळाले खरे. पण भाडे वाढेना आणि जागा रिकामी होईना, म्हणून मालक नवी जागा भाड्याने देण्यास कचरू लागले. त्यातून पागडी फोफावली. भाडेकरार टाळून परवान्यावर, म्हणजे ठराविक मुदतीच्या वापरासाठी, जागा देण्याची युक्ती निघाली. तेव्हा १९७३ साली कायद्यात बदल होऊन त्या वेळी राहत असलेल्या अशा परवानाधारकांनाही भाडेकरूचे हक्क मिळाले. मालकांची भीती दुणावली. ३१ मार्च २००० पासून महाराष्ट्राचा नवा भाडे नियंत्रण कायदा लागू झाला. त्यात बँका, सार्वजनिक उपक्रम, बहुराष्ट्रीय कंपन्या आणि १ कोटी रुपये किंवा त्याहून अधिक भरणा झालेले भांडवल असलेल्या कंपन्या यांना भाडेकरूचे संरक्षण ठेवलेले नाही.

याचा परिणाम उघड आहे. मोठ्या कंपनीस दिलेली जागा मुदत संपल्यावर परत मिळेल, असा मालकास भरवसा वाटतो. म्हणून तो एखाद्या गृहस्थापेक्षा कंपनीस जागा देणे पसंत करतो. कंपनी ती सजवून आपल्या माणसास देते. पलंग, चूल, गालिचा, सर्व काही तयार. वरवर पाहता गिरणीच्या चाळीशी याचे काहीच साम्य नाही. पण दोरी पाहिली तर ती तीच आहे. करार कंपनीच्या नावाचा. राहणारा तिच्या मर्जीचा. नोकरी संपली की घरही संपते. १६० चौरस फुटांची खोली असो की समुद्र दिसणारा सज्जा असो, नियम बदलत नाही.

म्हणून घरून निघण्यापूर्वी तरुणाने काही गोष्टी विचारून घ्याव्यात. त्यात संकोचाचे कारण नाही. घराचा खर्च पगारातून वजा होणार की वेगळा? नोकरी सुटल्यावर किती दिवस राहता येईल आणि ते कागदावर लिहिलेले आहे काय? कुटुंब आणता येईल काय? स्वतः जागा घ्यावयाची झाल्यास करार लेखी आणि नोंदणीकृत असावा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकावर टाकली आहे. त्याने ती टाळली आणि पुढे तंटा झाला, तर अटींविषयी भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते. ही तरतूद फार थोड्यांना ठाऊक असते.

याखेरीज एक गोष्ट कायद्याच्या पुस्तकात सापडत नाही. मुंबईत गावचे कोण कोण आहे, त्यांचे पत्ते आपल्याजवळ असावेत. कुडीतील खलाशी बोट सुटल्यावरही उघड्यावर पडला नाही, कारण त्याचे एक छप्पर धन्याच्या हातात नव्हते. कंपनीच्या घरात सुखाने राहावे. परंतु संकटाच्या रात्री ज्याचे दार ठोठावता येईल, असे एक घर या शहरात आधीच जोडून ठेवावे. वडीलधारी माणसे "उतरणार कुठे?" असे विचारतात तेव्हा त्यांना फक्त पत्ता नको असतो. पत्र रद्द झाले तर मुलगा त्या रात्री कुठे निजेल, हे त्यांना जाणून घ्यायचे असते.