‘समाप्त’नंतरची बारा गाणी

फ्रान्झ शूबर्टच्या ‘विंटररायझे’ या गीतमालेचं हस्तलिखित न्यूयॉर्कच्या मॉर्गन ग्रंथालयात जपून ठेवलेलं आहे. बाराव्या गाण्याखाली शूबर्टनं ‘समाप्त’ अशी खूण केली आहे. गाणी मात्र २४ आहेत.

या कवितांचा कवी विल्हेल्म म्युलर हा देसाऊचा. आपल्याला गाता-वाजवता येत नाही, पण आपल्या शब्दांतल्या चाली ओळखणारा एखादा समानधर्मा कुठेतरी असेल, अशी आशा त्यानं १८१५ साली रोजनिशीत नोंदवली होती. तो समानधर्मा व्हिएन्नात होता. ‘उरानिया’ या वार्षिकाच्या १८२३ च्या अंकात म्युलरच्या १२ कविता आल्या होत्या: प्रेम गमावलेला एक तरुण रात्रीच गाव सोडतो आणि बर्फातून चालत सुटतो. शूबर्टच्या हाती आधी एवढंच लागलं. फेब्रुवारी १८२७ मध्ये त्यानं काम सुरू केलं. पहिल्या गाण्यावर चालण्याच्या गतीची सूचना लिहिली. पियानोचे सूरही पावलं टाकल्यासारखेच पडतात. ते गाणं डी मायनर या स्वरपट्टीतलं. बारावंही त्यानं डी मायनरमध्येच बांधलं आणि वर्तुळ पुरं केलं.

म्युलरनं मात्र ही मालिका वाढवली होती. १८२४ च्या त्याच्या पुस्तकात २४ कविता आहेत, आणि नव्या कविता जुन्यांच्या मधे मधे पेरलेल्या आहेत. शूबर्टला त्या मिळाल्या तेव्हा त्याची १२ गाणी बांधून झाली होती. ती मोडून क्रम नव्यानं लावण्याऐवजी त्यानं उरलेल्या कविता, एक अदलाबदल सोडता, आहे त्याच क्रमानं पुढे जोडल्या.

इथे कवितेचा अर्थच पालटला. म्युलरच्या पुस्तकात टपालगाडीची कविता सहावी आहे. पत्राची आशा लवकरच मावळते. वसंताचं स्वप्न मात्र एकविसावं, म्हणजे शेवटाजवळ उरलेली ऊब. शूबर्टकडे ते स्वप्न अकराव्या गाण्यातच संपतं. बाराव्यात एकटेपणा येतो, आणि सारं थांबल्यासारखं वाटत असतानाच तेराव्यात टपालगाडीचं शिंग वाजतं. त्यानंतर पिकले केस, कावळा, खानावळ म्हणून समोर आलेलं स्मशान. पुढे वसंत नाहीच. छापताना बारावं गाणं डी मायनरमधून बी मायनरमध्ये नेलं गेलं आणि आधीचं वर्तुळ उघडं राहिलं. म्युलरच्या क्रमापेक्षा हा क्रम कितीतरी कठोर आहे आणि कलाकृती म्हणून थोरही.

शेवटच्या गाण्यात गावाबाहेर बर्फात अनवाणी उभा असलेला एक म्हातारा दांडा फिरवून वाद्य वाजवतो. पियानोचा डावा हात पहिल्यापासून अखेरपर्यंत तीच रिकामी पंचमाची जोडी धरून ठेवतो. आपल्या कानांना तानपुरा आठवेल, पण तानपुऱ्यावर राग फुलतो. इथे चालीचे दोन-तीन तुकडेच पुन्हा पुन्हा येतात, आणि गायक थांबला की पियानो बोलतो.

ही गाणी मित्रांना ऐकवली तेव्हा ते गांगरले. त्यांच्यापैकी योझेफ फॉन श्पाउनच्या आठवणीनुसार शोबर या मित्राला फक्त लिंडनच्या झाडाचं गाणं आवडलं. शूबर्टनं सांगितलं की आपल्याला ही गाणी बाकी सगळ्यांपेक्षा अधिक आवडतात आणि तुम्हालाही आवडतील. म्युलर सप्टेंबर १८२७ मध्ये गेला, शूबर्ट नोव्हेंबर १८२८ मध्ये. अखेरच्या आजारात तो दुसऱ्या भागाची, म्हणजे नंतरच्या बारा गाण्यांची, मुद्रितं तपासत होता. प्रकाशक हास्लिंगरनं तो भाग त्याच वर्षीच्या डिसेंबरात काढला.