वेळापूर

पुण्याहून पंढरपुरास जातांना माळशिरसापुढें वेळापूर लागतें. बहुतेकांस तें ज्ञानेश्वरमहाराजांच्या पालखीचा मुक्काम म्हणूनच ठाऊक असतें. गांवाजवळच्या उतारावर आषाढवारींत वारकरी धांवत सुटतात; येथूनच तुकोबांस पंढरीचा कळस दिसला, अशी श्रद्धा आहे. या धांवपळींत पाहुणा गांव न पाहतांच पुढें जातो, हें बरें नव्हे.

त्यानें अर्धनारीनटेश्वराच्या देवळांत अवश्य जावें. नांवावरून एकाच देहाचीं दोन अर्धें मनांत येतात. प्रत्यक्षांत शिव व पार्वती निरनिराळीं, एकमेकांशेजारीं आहेत. परंतु विद्यार्थ्यांस खरें धन सांपडेल तें येथील शिलालेखांत. त्यांपैकीं एक शके १२२२ चा, म्हणजे इ. स. १३०० चा, मराठींत कोरलेला आहे. त्यांत रामचंद्रदेव यादव व त्याचा अधिकारी ब्रह्मदेवराणा यांचीं नांवें येतात.

सालाकडे नीट पाहा. अल्लाउद्दीनानें देवगिरी लुटली ती १२९६ सालीं. राजास खंडणी कबूल करावी लागली. त्यानंतर चार वर्षांनीं, राजधानीपासून इतक्या दूर, कारभार चालूच होता आणि त्याची नोंद लोकभाषेंत दगडावर उमटत होती. ज्ञानेश्वरी होऊन तेव्हां अवघीं दहा वर्षें झालीं होतीं! राजधान्यांचे उदयास्त आपण पाठ करतों. गांवांत त्या वेळीं काय चाललें होतें, हें विचारावयाचें राहून जातें.

लेख पाहतांना बाजूनें तिरपा उजेड पाडावा, म्हणजे अक्षरें उठून दिसतात. त्यांवर खडू वा शेंदूर मात्र फासूं नये.